लहान मुलांमधला कोरोना: घरी कसा ओळखायचा, कोणती तपासणी कधी करायची

जानेवारी २०२२ मध्ये एका रात्री दोनच्या सुमाराला आमचा चार वर्षांचा लेक खोकत उठला. आवाज ओळखीचा नव्हता. कुत्र्याचं पिल्लू भुंकावं तसा कोरडा, घोगरा खोकला, आणि रडताना श्वास आत घेतला की घशातून करकर. अंग जेमतेम कोमट. ह्यांचा घसा तीन दिवसांपासून दुखत होता, पण ‘ऑफिसातला एसी बाधला’ म्हणून आम्ही सोडून दिलं होतं. पोराला जेवणाची चव कळत होती, खेळत होता, त्यामुळे कोरोना मनातच आला नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी दारातूनच खोकला ऐकला आणि म्हणाले, “हा क्रूप आहे. घरात कोणी आजारी आहे का?” नेब्युलायझरमधून औषध दिलं, स्टेरॉइडचा एक डोस दिला, आणि दुपारपर्यंत पोरगं खिडकीत बसून कबुतरं मोजायला लागलं. क्रूप म्हणजे विषाणूमुळे घशाखालच्या श्वासमार्गाला येणारी सूज. पुढे बापलेकाचा, दोघांचाही रिपोर्ट पॉझिटिव्ह आला.

तेव्हापासून एक गोष्ट मी भेटेल त्या आईबापांना सांगत आले आहे: मोठ्यांच्या कोरोनाची यादी हातात धरून मुलाकडे बघू नका. मुलांचा कोरोना बहुतेक वेळा इतका सौम्य असतो की कळतही नाही. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) चौथ्या सिरो सर्वेक्षणात, म्हणजे रक्ततपासणीच्या पाहणीत, जून-जुलै २०२१ मध्ये, ६ ते ९ वर्षांच्या ५७.२ टक्के आणि १० ते १७ वर्षांच्या ६१.६ टक्के मुलांच्या रक्तात अँटिबॉडी, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं, सापडल्या होत्या. मुलांची लस तेव्हा सुरूच झाली नव्हती. १५ ते १८ वयाच्या मुलांना ती मिळायला लागली ३ जानेवारी २०२२ पासून. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलांना संसर्ग होऊन गेला होता, आणि कितीतरी घरांत त्याची कुणकुणही लागली नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ ला जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. विषाणू मात्र आपल्यातच आहे. डिसेंबर २०२३ मध्ये जेएन.१ हा त्याचा नवा उपप्रकार आला, २०२५ च्या मे-जूनमध्ये पुन्हा रुग्ण वाढले. त्यामुळे हे सगळं आजही उपयोगाचं आहे.

पायरी १: संशय कधी घ्यायचा

आधी घराकडे बघा, मग मुलाकडे. मुलांना कोरोना बऱ्याचदा घरातल्या मोठ्यांकडून मिळतो. गेल्या दोन आठवड्यांत घरात, वर्गात, पाळणाघरात, लग्नाकार्यात कोणाला सर्दी-ताप होता का, हे नीट आठवा. संसर्गानंतर लक्षणं दिसायला २ ते १४ दिवस लागू शकतात. ओमायक्रॉन हा प्रकार आल्यापासून हा काळ आखडून साधारण तीन दिवसांवर आला आहे.

लक्षणं वयाप्रमाणे बदलतात. तान्ह्या बाळात कधी फक्त ताप असतो, कधी तापही नसतो. बाळ नीट दूध ओढत नाही, किरकिर करतं किंवा नको तितकं झोपतं. दीड-दोन ते पाच वर्षांच्या मुलांत सर्दी, ताप, उलट्या, जुलाब, आणि आमच्या लेकाला आला तसा भुंकल्यासारखा खोकला. जुलाब-उलट्या म्हटलं की आपण ‘बाहेरचं काहीतरी खाल्लं’ म्हणून मोकळे होतो, पण पोटाच्या तक्रारींनी सुरू होणारा कोरोना मुलांत काही अपूर्वाईचा नाही. शाळकरी मुलं घसा दुखतो, डोकं दुखतं, अंग मोडून आलंय म्हणून सांगतात. वास-चव जाण्याची तक्रार दहा-बारा वर्षांपुढची मुलंच नीट सांगू शकतात, आणि ओमायक्रॉननंतर ती कमी ऐकू येते.

यातलं एकही लक्षण फक्त कोरोनाचं नाही. नुसतं बघून कोरोना, फ्लू आणि साधी सर्दी वेगळी करणं डॉक्टरांनाही जमत नाही. म्हणूनच घरी आपलं काम ‘हा कोरोनाच का’ हे ठरवण्याचं नाही. मूल ठीक आहे की बिघडतंय, एवढं आपण नेमकं ओळखायचं.

पायरी २: ताप मोजा, अंदाज नको

कपाळाला हात लावून ताप ठरवू नका. डिजिटल थर्मामीटर काखेत नीट दाबून धरा, बीप वाजेपर्यंत हात अंगाशी ठेवा. १००.४ फॅरनहाइट म्हणजे ३८ अंश सेल्सियस किंवा जास्त असेल तर ताप. काखेतला आकडा शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा थोडा कमीच येतो हे ध्यानात असू द्या.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला एवढा ताप आला तर घरी वाट बघायची नाही. रात्र असो, पाऊस असो, बाळाला दाखवायचंच. इतक्या लहान जिवात साधा विषाणू आणि रक्तातला जंतुसंसर्ग सुरुवातीला सारखेच दिसतात.

औषध पॅरासिटामॉल. मात्रा वजनावर ठरते: दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत निदान ४ ते ६ तासांचं अंतर. इथे एक धोका आहे आणि तो बहुतेक घरांत लपलेला असतो. बाळांचे थेंब साधारण १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅमचे असतात, तर सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२० किंवा २५० मिलिग्रॅम असतं. सिरपच्या हिशोबाने थेंबांचं औषध ५ मिलिलिटर पाजलं तर मात्रा कित्येक पट होते. बाटलीवरचा आकडा दर वेळी वाचा. मुलांना ॲस्पिरिन देऊ नका. दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्याचं सिरपही नको. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात दूषित सिरपमुळे मुलं दगावली, त्यातल्या काहींवर नागपुरात उपचार चालले होते. ते आठवलं की आजही पोटात तुटतं.

औषधाने ताप उतरल्यावर मूल कसं आहे हे बघणं, हे माझ्या मते सगळ्यात मोलाचं निरीक्षण. १०३ ताप असलेलं मूल मलूल असणारच. पण ताप ९९ वर आला की ते उठून बसतं का, बिस्किट मागतं का, मोबाइल हिसकावतं का? हो असेल तर बरंच काही ठीक आहे. ताप उतरूनही निपचित पडून असेल, हाक मारली तर डोळे उघडून पुन्हा मिटत असेल, तर थांबू नका.

पायरी ३: श्वास मोजा

हे प्रत्येक आईबापाला आलं पाहिजे. मशीन लागत नाही, पैसे लागत नाहीत, एक मिनिट लागतं.

मूल झोपलेलं किंवा शांत असताना मोजा. रडताना, दूध पिताना, ताप चढलेला असताना श्वास तसाही जोरात चालतो. अंगातला सदरा छातीच्या वर सरकवा, दिवा लावा. फोनचं स्टॉपवॉच सुरू करून उशीपाशी ठेवा. पोट आणि छातीच्या मधल्या भागावर नजर ठेवा. वर आलं आणि खाली गेलं की एक. पूर्ण ६० सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण लहान बाळ मध्येच काही क्षण थांबतं आणि मग भरभर श्वास घेतं. आकडा जास्त वाटला तर थोड्या वेळाने पुन्हा मोजा.

इतका किंवा याहून जास्त आला तर श्वास वेगाने चालला आहे असं समजायचं:

दोन महिन्यांच्या आत: मिनिटाला ६०
दोन महिने ते एक वर्ष: ५०
एक ते पाच वर्षं: ४०
पाच वर्षांपुढे: ३०

मोजता मोजता आणखीही बघा. श्वास घेताना बरगड्यांच्या खालचा भाग आत ओढला जातो का? गळ्याखालचा खळगा खोल जातो का? नाकपुड्या फुलतात का? श्वास सोडताना बाळ कण्हतं का? शांत बसलेलं असतानाही घशातून करकर ऐकू येते का? यातलं काहीही दिसलं तर आकडा काहीही असो, दवाखाना गाठा. आमच्या लेकाची करकर फक्त रडताना येत होती. गाडीत बसल्यावर ती शांत असतानाही यायला लागली, तेव्हा माझ्या हातापायांतलं बळच गेलं. तो फरक मला त्या दिवशी ठाऊक नव्हता. तुम्हाला असावा म्हणून लिहिते आहे.

ऑक्सिमीटर (रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारं बोटाचं मशीन) असेल तर वापरा, पण मोठ्यांचं मशीन लहान बोटावर सैल बसतं आणि भलताच आकडा दाखवतं. अंगठा वापरा, तान्ह्या बाळाला पायाचा अंगठा. हात गार नको, नेलपॉलिश नको, हालचाल नको; आकडा स्थिर होईपर्यंत निदान अर्धा मिनिट थांबा. ९४ किंवा जास्त ठीक. ९० ते ९३ म्हणजे मध्यम आजार, त्याच दिवशी दवाखान्यात. ९० च्या खाली म्हणजे तीव्र, तातडीने हॉस्पिटल. खेळत्या, बोलत्या मुलाला ८६ दाखवलं तर आधी बोट बदला, सेल तपासा; तरी कमीच आलं तर दाखवून घ्या. उलट मूल धापा टाकतंय आणि मशीन ९७ म्हणतंय, तर मशीन बाजूला ठेवून निघा.

थेट हॉस्पिटल

ओठ-जीभ निळसर किंवा राखाडी पडणं. एक शब्दही धड बोलता न येणं, किंवा बाळाला दूध ओढताच न येणं. प्यायलेलं सगळं उलटून पडणं. सहा-आठ तासांत लघवी नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, तान्ह्याची टाळू खोल गेलेली. हातपाय बर्फासारखे गार. झटका. महाराष्ट्रात आणि गोव्यातही रुग्णवाहिकेसाठी १०८ फिरवा.

झटक्याबद्दल दोन शब्द, कारण त्या क्षणी घरातले सगळे सैरभैर होतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना तापात झटका येऊ शकतो. मुलाला कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर करा, घड्याळ बघा. कांदा फोडून नाकाशी धरणं, चप्पल हुंगवणं, तोंडात चमचा घालणं, पाणी पाजणं यातलं काही करू नका. आजीला वाईट वाटलं तरी चालेल. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर तो आणीबाणीचा प्रसंग आहे. आणि पहिलाच झटका असेल तर थांबल्यावरही मुलाला दाखवून घ्या.

पायरी ४: तपासणी करायची का, आणि कोणती

आता प्रत्येक शेंबड्या नाकाची तपासणी करण्यात अर्थ नाही. निकालामुळे काही बदलणार असेल तर करा. उदाहरणार्थ, मूल वर्षाच्या आतलं आहे. हृदयाचा आजार, थॅलेसेमिया किंवा सिकलसेल हे रक्ताचे आजार, किडनीच्या आजारासाठी स्टेरॉइड, कॅन्सरचे उपचार, तीव्र दमा किंवा खूप लठ्ठपणा आहे. दाखल करावं लागतंय. किंवा घरात केमोथेरपी चालू असलेली आजी आहे. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलची मुलं बरीच आहेत. त्यांच्या तापाला ‘बघू उद्या’ म्हणू नये, मग तो कोरोनाचा असो की नसो.

आरटी-पीसीआर ही भरवशाची तपासणी. नाकातून आणि घशातून काडीने नमुना घेतात, त्यात विषाणूचा जनुकीय अंश शोधतात. रॅपिड अँटिजेन तपासणी विषाणूचं प्रथिन शोधते. पंधरा-वीस मिनिटांत निकाल, पण थोडा विषाणू असेल तर तिला तो सापडत नाही. म्हणून लक्षणं असताना रॅपिड पॉझिटिव्ह आली तर कोरोना समजायचा, निगेटिव्ह आली तर सुटलो असं समजायचं नाही. गरज असेल तर आरटी-पीसीआर करायची. मूल ठणठणीत आहे पण पॉझिटिव्ह माणसाच्या संपर्कात आलं होतं, तर दुसऱ्याच दिवशी धावू नका. संपर्कानंतर पाचव्या दिवसाच्या आसपास तपासणी जास्त बोलते.

घरच्या किटला आयसीएमआरने मे २०२१ मध्ये मान्यता दिली. आमच्याकडचं पहिलं किट निगेटिव्ह आलं होतं आणि चूक माझी होती. पोरगं मान झटकत होतं, मी काडी नाकपुडीच्या तोंडाशीच फिरवून काढली. दुसऱ्या दिवशी लॅबमधल्या ताईंनी केलं ते बघून शिकले.

मुलाला मांडीवर पाठमोरं बसवायचं, त्याची पाठ आपल्या छातीला. त्याचे पाय आपल्या दोन पायांत धरायचे. एक हात त्याच्या दोन्ही हातांवरून आडवा, दुसरा कपाळावर, डोकं आपल्या खांद्याला टेकलेलं. काडी दुसऱ्या माणसाने घालायची. आधी नाक शिंकरून घ्यायचं. काडी वर डोळ्याच्या दिशेने नाही, आडवी, कानाच्या दिशेने. किती आत घालायची ते किटच्या पत्रकात वयाप्रमाणे दिलेलं असतं, त्यापुढे जाऊ नका. अडलं की थांबा. दोन्ही नाकपुड्यांत, नाकाच्या भिंतीला घासत, पत्रकात सांगितलेत तितके वेढे. त्या ताई मुलाला म्हणाल्या, “दहा अंक मोठ्याने म्हण, दहा झाले की काढते,” आणि खरंच दहाला काढली. “काही होत नाही” असं सांगून फसवलं असतं तर पुढच्या वेळी त्याने खोलीत पाऊल टाकलं नसतं.

निकाल वाचताना सी ची रेघ (किट नीट चाललं हे सांगणारी) आलीच पाहिजे. ती नसेल तर किट फुकट गेलं, टी ची (विषाणू दाखवणारी) रेघ असो वा नसो. सी बरोबर टी ची अगदी पुसट रेघ असली तरी पॉझिटिव्ह. पत्रकातली वेळ उलटून गेल्यावर उमटलेली रेघ धरू नका. किटची मुदतही बघून घ्या.

आरटी-पीसीआरच्या रिपोर्टमध्ये सीटी व्हॅल्यू (यंत्राच्या कितव्या फेरीत विषाणू सापडला तो आकडा) दिसली तर तिच्यावरून आजार किती गंभीर हे ठरवू नका. काडी कशी फिरवली, कितव्या दिवशी फिरवली, कोणतं यंत्र होतं, यावर तो आकडा हलतो. मूल बरं झाल्यावर ‘निगेटिव्ह आलं का’ बघायला पुन्हा तपासणी करण्याचीही गरज नसते. मेलेल्या विषाणूचे तुकडे काही आठवडे सापडत राहतात. अँटिबॉडीची रक्ततपासणी आज आजार आहे की नाही हे सांगत नाही. ती कुठे लागते ते पुढे येईलच. आणि सौम्य आजारात छातीचा सीटी स्कॅन नको. मुलाला विनाकारण किरणोत्सर्ग, हाती काही नाही.

पायरी ५: पावसाळ्यात कोरोनावरच अडकू नका

जून ते ऑक्टोबर आपल्याकडे तापाला पुष्कळ बाप असतात. रिपोर्ट कोरोना पॉझिटिव्ह आला म्हणून डेंग्यू नाही असं होत नाही; दोन्ही एकत्र असू शकतात.

डेंग्यूत सहसा सर्दी-खोकला नसतो किंवा किरकोळ असतो; ताप एकदम चढतो, डोळ्यांच्या मागे आणि अंगात ठणका, चेहरा लालबुंद. त्याची फसवी बाजू ही की तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि खरा धोका तेव्हाच सुरू होतो: पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती. पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ ही डेंग्यूची रक्ततपासणी उपयोगी पडते. डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत आयब्युप्रोफेन हे तापाचं औषध देऊ नका. थंडी वाजून ताप येत असेल तर मलेरियाची तपासणी, पुराच्या पाण्यातून गेलेल्या मुलाला लेप्टोची (दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) शंका, आठवडाभर रेंगाळणाऱ्या तापात टायफॉइड. हे डॉक्टरांना आठवण करून द्यायला लाजू नका. गोवरही विसरू नका. २०२२ च्या अखेरीस मुंबईत, गोवंडी भागात त्याचा उद्रेक झाला होता: ताप, खोकला, लाल डोळे, आणि तीन-चार दिवसांनी कानामागून सुरू होऊन खाली उतरणारं पुरळ. अशा वेळी लसीचं कार्ड बरोबर न्या.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर लिहून न्या: ताप कोणत्या तारखेला सुरू झाला, रोजचा सगळ्यात जास्त आकडा, श्वासाची मोजणी, लघवी किती वेळा, कोणतं औषध किती वाजता, घरात कोण आजारी. मुलाचा विचित्र खोकला किंवा श्वास फोनवर व्हिडिओ करून ठेवा. रात्री भुंकणारं मूल सकाळी ओपीडीत शहाण्यासारखं बसतं आणि आपण खोटं ठरतो.

पायरी ६: महिन्याभराने आलेला ताप

हा भाग कृपा करून वगळू नका. कोरोना होऊन गेल्यावर २ ते ६ आठवड्यांनी, थोड्या मुलांच्या शरीरात प्रतिकारशक्तीचाच भडका उडतो. एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी याकडे पहिल्यांदा लक्ष वेधलं. याला एमआयएस-सी (मल्टिसिस्टिम इन्फ्लमेटरी सिंड्रोम इन चिल्ड्रन) म्हणतात. ओमायक्रॉननंतर तो बराच कमी झाला आहे, तरी वेळेत ओळखला नाही तर हृदयावर बेततो. आणि फसवणूक अशी की मूळ कोरोना इतका किरकोळ असतो की घरच्यांना आठवतही नाही.

चित्र साधारण असं. तीन दिवस किंवा जास्त उतरत नसलेला चढा ताप. दोन्ही डोळे लाल, पण चिपडं नाहीत. अंगावर पुरळ, ओठ लालभडक आणि भेगाळलेले, हातापायांना सूज. पोटात असं दुखतं की अपेंडिक्स वाटावं, उलट्या, जुलाब. मग हातपाय गार, रक्तदाब खाली, मूल मलूल. सगळं एकदम दिसेलच असं नाही. ताप आणि यातली दोन-तीन लक्षणं असली तरी लहान मुलांचा आयसीयू असलेल्या हॉस्पिटलकडे निघा, आणि पहिल्या वाक्यातच सांगा: “महिन्यापूर्वी घरात कोरोना होता.” हे वाक्य निदानाची दिशा बदलू शकतं.

तिथे शरीरातला दाह आणि रक्ताच्या गुठळ्यांची शक्यता बघायला सीआरपी, ईएसआर, रक्ताची पूर्ण तपासणी, डी-डायमर, फेरिटिन या रक्ततपासण्या, आणि हृदयासाठी ट्रोपोनिन ही रक्ततपासणी आणि इकोकार्डिओग्राम (हृदयाची सोनोग्राफी) करतात. आरटी-पीसीआर तोवर बऱ्याचदा निगेटिव्ह झालेली असते. इथेच अँटिबॉडी तपासणी कामी येते, मात्र मुलाला लस दिली असेल तर तसं सांगावं लागतं, कारण लसीमुळेही अँटिबॉडी दिसतात. डेंग्यू, स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप), जंतुसंसर्ग नाही ना, हेही बघतात. उपचार आहेत, इम्युनोग्लोब्युलिन (शिरेतून दिल्या जाणाऱ्या तयार अँटिबॉडी) आणि स्टेरॉइड, आणि वेळेवर मिळाले तर बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात.

आमच्या लेकाचा रिपोर्ट १२ जानेवारीला आला होता. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये त्या तारखेला गोल केला आणि सहा आठवडे मोजून २३ फेब्रुवारीला दुसरा. मधल्या काळात १० फेब्रुवारीला त्याला पुन्हा ताप आला. डोळे बघितले, ओठ बघितले, पोट दाबून बघितलं, श्वास मोजला, अठ्ठावीस. तो गोल नसता तर मी इतकं निरखून पाहिलं नसतं. ताप दुसऱ्या दिवशी उतरला, साध्या सर्दीचा होता.